अमेरिकेतून कायमचं सोलापुरात: पहिल्या वर्षाची तयारी कशी करावी?

शेळगी_रोड (प्रश्न)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं न्यू जर्सीत काढून आम्ही चौघे कायमचे परत येतोय. घर जुळे सोलापुरात, आई-बाबांसोबत. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारतीय. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. दोघं अमेरिकेचे नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. एप्रिलमध्ये यावं म्हणजे जूनला शाळा धरता येईल, असा विचार आहे. सुट्टीला येणं वेगळं आणि राहायला येणं वेगळं, हे कळतं. पण लोक नेमके अडकतात कुठे?

बाळीवेस
एप्रिल नको, दादा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की या.

एक तर ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो. शरीराला त्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि नेमकी तेव्हाच तुमची बँक, आरटीओ, शाळा अशी पायपीट सुरू असते. चिडचिड उन्हाने होते आणि वाटतं, आपलं इथे जमणार नाही.

दुसरं कारण कराचं. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांच्या आत आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवसांच्या आत असेल, तर ते वर्ष अनिवासी म्हणून जातं. त्याच वर्षी आधी सुट्टीला येऊन गेलात तर तेही दिवस मोजले जातात. त्यापुढे, मागच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असलात, किंवा 7 वर्षांतला मुक्काम 729 दिवसांपलीकडे गेला नसेल, तर ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळतो, बहुधा दोन वर्षं. त्या काळात तिकडेच जमा होणाऱ्या व्याजावर इथे कर नाही.

बँकेचं गणित मात्र निराळं. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे, कायमचं राहायला आलात की तुम्ही निवासी. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती लगेच बदलून घ्या. डॉलर ठेवायचे असतील तर आरएफसी (निवासींचं परकीय चलनातलं) खातं उघडा. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मुदतीपर्यंत चालू राहते. ‘कराच्या हिशोबात मी अजून अनिवासी आहे’ म्हणून एनआरई ठेव तशीच ठेवतात, ही सर्रास होणारी चूक. तिच्या व्याजावरची सूट फेमाच्या दर्जावर मिळते, त्यामुळे तो दर्जा बदलला की सूटही जाते.

आधार तुम्हा दोघांना लगेच काढता येईल. मुलांना मात्र मागच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथे राहिल्यावरच. शाळेला हे प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवा. गाडी चालवण्याचा इथला परवाना संपून वर्ष उलटलं असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

होटगी_नाका
आधी पाणी बघा, बाकी सगळं नंतर. नळाला रोज पाणी येईल असं धरून घर लावू नका. माणशी रोज 135 लिटर धरले तर सहा माणसांना 810, आणि पाणी पाच दिवसांनी आलं तर 4,050 लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीने भागत नाही, खाली हौद हवाच. तुमच्या गल्लीची पाण्याची पाळी आणि वेळ आई-बाबांना पाठ असेल. ती लिहून घ्या आणि मोटर लावायचं काम पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घ्या.

हौदावर घट्ट झाकण ठेवा. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून बादल्या, पिंप, कूलर दर आठवड्याला रिकामे करायचे. नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही. अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. काथ्याने कडा घासाव्या लागतात.

इथली हवा कोरडी, त्यामुळे पावसाळा लागेपर्यंत कूलर छान चालतो. तो खिडकीत लावून समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद केली की दमट होते आणि गारवा जातो.

सात_रस्ता
मनाचंही सांगते. परदेशात जाताना अवघड जाईल हे आपण धरूनच चालतो. घरी येताना तशी तयारी कुणी करत नाही. परतल्यावर मन दुसऱ्यांदा खाली जातं, हा आलेख गलाहॉर्न या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने 1963 मध्येच मांडला होता. ऑक्टोबरला आलात तर दिवाळी, हुरडा, संक्रांतीची गड्डा यात्रा यांत दिवस कौतुकाचे जातील. पाहुणे ओसरले की फेब्रुवारी-मार्चमध्ये उदास वाटू लागतं. त्या महिन्यांत घर विकत घेणं, नोकरी सोडणं किंवा परतीची तिकिटं काढणं, यातलं काहीच ठरवू नका. आई-बाबांच्या स्वयंपाकघरात पहिले सहा महिने एक डबाही हलवू नका. स्वतःसाठी एक खोली आणि दाराला कडी एवढं मात्र आधीच बोलून घ्या.

मुलांना वर्षाच्या मधे शाळेत घालायला हरकत नाही, नववीच्या आत आहेत तोवर. राज्यात मराठी सक्तीची आहे, तेव्हा वाचन आत्तापासून रोज वीस मिनिटं घ्या: आधी बाराखडी, मग बिनजोडाक्षरांचे शब्द, लिहिणं नंतर. घरी मराठी बोलणारी मुलंही आकड्यांपाशी अडतात. मंडईत ‘पाऊण किलो’, ‘अडीचशे’, ‘एकोणसाठ’ ऐकलं की गप्प होतात आणि वर्गात त्यावरून हसं होतं. लाख-कोटीचे स्वल्पविराम आणि वीसपर्यंतचे पाढेही करून घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत मैत्रिणी मिळाल्या तर तेलुगूही कानावर पडेल, पडू द्या.

आणि मुलीच्या ओसीआय कार्डाची तारीख बघा. 4 मार्च 2021 पासून मिळालेल्या कार्डावर नीट-जेईईमधल्या फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागा मिळत नाहीत.

शेळगी_रोड
फार आभार. ऑक्टोबर नक्की करतो. मिक्सर, मायक्रोवेव्ह आणावेत का?

होटगी_नाका
नको. तिकडची उपकरणं 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ 50 च राहतात. बऱ्याच मोटरी हळू चालतात, साधा मायक्रोवेव्ह जास्त तापतो. चार्जरवर 100–240 लिहिलं असेल तेवढंच आणा, पिन इथे बदलता येते.