अनुभव धागा: पाच वाजताची भूक, पॉपकॉर्न आणि तळाशी उरणारे गणंग

वसमत रोड, परभणी

पोरगं पाच वाजता शाळेतून येतं. दप्तर एकीकडं, बूट दुसरीकडं आणि तोंडात एकच, "आई, खायला काय?" नेमके त्याच वेळी सासरेही पेपरची घडी घालून स्वयंपाकघराकडं बघत बसतात. त्यांची शुगर काठावर आलीय, डॉक्टरांनी फरसाण आणि खारी बंद केलीय. नातवाला पाकिटातलं नारिंगी काहीतरी हवं असतं, आजोबांना शेव.

दोघांवर एकच उतारा म्हणून मागच्या महिन्यापासून घरी पॉपकॉर्न सुरू केले. मोंढ्यातून सुटे दाणे आणले. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल, चिमूट हळद, मीठ, वर झाकण. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. एप्रिल लागला आणि काय झालं कोण जाणे, तेच दाणे, तीच कढई, तीच आच, पण तळाशी गणंगच गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, उरायलेत. काल अर्ध्या वाटीला ७३ निघाले. सासऱ्यांनी बशीत ओळीनं मांडून मोजले.

तुम्ही संध्याकाळी काय करता? पॉपकॉर्न कसे फोडता, वर काय टाकता, कुणाला मानवले, कुणाला नाही, सगळं लिहा. ज्वारीच्या लाह्यावाल्यांनीही लिहा. आणि फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर.

मक्याचा मळा, सिल्लोड

फसलेलं माझ्याकडं भरपूर आहे ताई. आमच्या तालुक्यात खरिपात जिकडं बघाल तिकडं मका. पोरींनी पॉपकॉर्न मागितले तर मी म्हटलं, घरात पोत्यानं मका पडलीय आणि विकत कशाला आणायची? कढई तापवली, दोन मुठी टाकल्या. दहा मिनिटं खडखड नुसती. काही दाणे तडकले, काही करपले, फुललं एकही नाही. बायको म्हणाली, "कोंबड्यांचा खुराक भाजलात."

नंतर कळलं की पॉपकॉर्नची मका जातच निराळी. दाणा बारीक, काचेसारखा कडक, साल जाड. आपल्या शेतातल्या मक्याचा दाणा मोठा, आत पिठूळ, आणि सालीला आतली वाफ धरून ठेवायची ताकद नसते. ती भरडायला आणि खाद्याला. पॉपकॉर्नसाठी अंबर नावाचं वाण आहे, मी गेल्या साली विहिरीजवळ दोन ओळी लावल्या. पोपटांनी निम्म्या नेल्या, पण उरल्या त्या फुटल्या.

एक मात्र हात जोडून सांगतो. पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कुणी चुकूनही फोडू नका. त्याला औषध चोळलेलं असतं, तो लाल-गुलाबी रंग त्यासाठीच असतो. आमच्या धाकटीनं मूठ भरून आणलीच होती कढईकडं, वेळेवर दिसलं म्हणून बरं.

औसा रोडची रूम, लातूर

नीटची तयारी करायलोय. क्लास साडेचारला सुटतो, मेसचं ताट साडेआठला. मधले चार तास म्हणजे नुसता वडापाव. सहा महिन्यांत पोट बिघडलं आणि पैसेही संपले. रूमवर इंडक्शन आहे (मालकाला माहीत नाही, बोलू नका). स्टीलच्या पातेल्यात एक चमचा तूप, अर्धी वाटी दाणे. तिघांत पुरतं. वर आईनं गावाकडून दिलेला येसर मसाला टाकला तर सगळा खाली बसला, शेवटच्या घासाला एकदम ठसका. आता गरम असतानाच अर्धा चमचा तूप फिरवतो, मग येसर. चिकटतो. मीठही मिक्सरमधून एकदम बारीक करून आणलंय घरून, जाडं मीठ पॉपकॉर्नवर थांबतच नाही.

हिंगोलीकर

आमच्याकडं संध्याकाळी सुशीला. मुरमुरे भिजवा, फोडणी द्या, शेंगदाणे, कांदा, झालं. पॉपकॉर्न हे सिनेमाचं खाणं. त्यानं पोट भरतंय होय?

वसमत रोड, परभणी

भाऊ, सुशीला आमच्याकडंही आठवड्यातून दोनदा असतेच. पण पोराला ती दिसली की तोंड वाकडं होतं.

गोदाकाठ, पैठण

मी दोन्हीचा मेळ घालायला गेले होते. पॉपकॉर्नची सुशीला! मुरमुऱ्यांसारखेच पाण्यात बुडवून पिळून घेतले. पाण्यात पडल्याबरोबर त्यांनी जीव सोडला. हातात पिळलेला पांढरा लगदा आणि त्यात टरफलं. फोडणी तयार होती म्हणून तीत ढकलला, घरातल्या कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या दिवशी सगळ्यांनी बाहेर खाऊन आलोय म्हणून सांगितलं.

अंबाजोगाईची आत्या

पोरींनो, तुम्ही मका मका करायलात, पण आपल्या भागाची लाही ज्वारीची. आमच्या लहानपणी मक्याची लाही जत्रेत दिसायची, माळेगावला नाहीतर गावच्या उरुसात. घरात व्हायची ती ज्वारीचीच, आणि तीही नागपंचमीच्या आदल्या दिवशी, कारण पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही.

आमची माय कशी करायची ते सांगते. ज्वारी पाखडून-निवडून घ्यायची. त्यावर गरम पाणी, अगदी उकळतं नाही पण हाताला चटका बसेल असं, शिंपडून चोळायचं. बुडवायची नाही बरं का. मग धडप्यात गच्च बांधून गाठोडं रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी सोडलं की एक गोडसर वास यायचा, तो अजून माझ्या नाकात आहे. सावलीत पसरून दाणा वरून कोरडा करायचा. मुठीत घेतला तर सुटा पडला पाहिजे, पण दातानं फोडला तर आत मऊ लागला पाहिजे. उन्हात वाळवली की लाह्या गेल्या म्हणून समजा.

मग चुलीवर लोखंडी कढई, लाल व्हायच्या बेतात. एका वेळी एकच मूठ. जास्त टाकली की कढई थंड पडते आणि ज्वारी नुसती भाजून निघते. हातात सुती फडक्याचा बोळा, त्यानं दाणे कढईभर फिरवत राहायचं. तड-तड-तड, आणि पाच-सहा श्वासांत पांढरंशुभ्र. लगेच चाळणीत उपसायचं, गणंग खाली, लाह्या वर. बोळ्याच्या बाहेर उडालेल्या लाह्या आम्ही भावंडं चुलीपाशी वेचून खायचो.

उरलेल्या लाह्या जात्यावर दळून पीठ. आंबट ताकात कालवायचं, मीठ, जिरं, हिरवी मिरची ठेचून. उन्हाळ्याच्या संध्याकाळी याच्यासारखं दुसरं नाही. लहान लेकरांना तेच दुधागुळात. मी आजही करते, फक्त जात्याच्या जागी मिक्सर आलाय. मालदांडीच्याही करते, पण लाह्यांसाठी म्हणून राहुरीच्या विद्यापीठानं फुले पंचमी काढलीय, ती मिळाली तर लाही जास्त फुलते. नाव बघा कसं नेमकं ठेवलंय.

आणि परभणीच्या ताई, तुझ्या मक्याचं दुखणं मला इथूनच दिसतंय. ओल गेली असेल.

फळा-खडू, नांदेड

आत्यांनी बरोबर नाडी धरली. मी विज्ञान शिकवतो, म्हणून थोडं मास्तरकी करतो.

पॉपकॉर्नच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओल असावी लागते. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, साल तिला बाहेर पडू देत नाही. आत दाब वाढत जातो, पिठूळ भाग लगद्यासारखा मऊ होतो आणि १८० अंशांच्या आसपास साल फाटते. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट असतो. तो लगदा फेसासारखा फुलतो आणि लगेच गार होऊन घट्ट होतो. ज्वारीतही हेच चालतं. मायनं शिंपडलेलं ते गरम पाणी हेच काम करत होतं, आणि उन्हात वाळवू नका याचंही कारण तेच.

आता आपला एप्रिल. बाहेर ४० च्या वर पारा, हवा कोरडी ठणठणीत. डब्याचं झाकण सैल असेल तर दाणे महिन्याभरात सुकतात. वाफच नाही तर फुटणार कशानं? उपाय: तीन वाट्या दाणे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घ्या, एक चमचा पाणी टाका, खळखळून हलवा. दिवसातून दोन-तीनदा हलवत राहा, तीन-चार दिवस थांबा. पाणी दिसायला नको, दाण्यांनी पिऊन टाकलेलं असलं पाहिजे. मग करून बघा.

दुसरं, आच. फार मंद ठेवली की वाफ दाण्याच्या टोकातून हळूहळू निसटते. तेलात आधी तीन दाणे टाका, ते फुटले की मगच बाकीचे. झाकण किंचित तिरकं ठेवा, नाहीतर कोंडलेल्या वाफेनं लाह्या चिवट होतात.

स्टील सिटी, जालना

झाकणावरून आठवलं. आम्ही कुकरमध्ये करतो, सगळेच करतात. पण झाकण लावायचं नाही, नुसतं उलटं ठेवायचं, शिट्टी आणि रबर काढून. माझ्या दिरानं एकदा नीट बंद केलं, सवयीनं. सालीचा तुकडा शिट्टीच्या नळीत अडकला. कुकर आतून ठोके देतोय, शिट्टी मात्र मुकी. गॅस बंद करून आम्ही सगळे गच्चीवर! तासाभरानं खाली आलो. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून दीर चहा सोडून काही करत नाहीत. त्याचा हेतू तोच होता असं जाऊबाई म्हणतात.

काठावरचे काका, धाराशिव

ताई, तुमच्या सासऱ्यांसाठी लिहितो. मला सात वर्षांपासून शुगर. पॉपकॉर्न चालतात म्हटल्यावर मी मॅच बघत पातेलंभर संपवलं. दोन तासांनी बोट टोचलं तर आकडा बघून घाम फुटला. हलकं लागतं म्हणून आपण खातच सुटतो, पण शेवटी ते धान्यच.

आता वाटी ठरलीय. २५ ग्रॅम कोरडे दाणे, म्हणजे मूठभर. फुटल्यावर मोठा वाडगा भरतो. बिनतेलाचे असतील तर सुमारे ९० ते १०० कॅलरी आणि साडेतीन ग्रॅमच्या जवळपास चोथा. चमचाभर तेलानं आणखी चाळीसेक कॅलरी वाढतात, तेवढं चालतं. सोबत मूठभर फुटाणे घेतो, त्यानं रात्रीच्या जेवणापर्यंत पोट शांत राहतं. मीठ अगदी कमी, कारण बीपीही आहे. त्याऐवजी लिंबू नको बरं का, ओलाव्यानं लाह्या बसतात. मी कारळाची चटणी भुरभुरतो. माझं मला लागू पडलं, सासऱ्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

क्रांती चौक

मायक्रोवेव्हच्या तयार पाकिटांबद्दल कुणी बोललं नाही. मागची बाजू वाचून बघा, बऱ्याच पाकिटांत पामतेल आणि मीठ भरपूर. मायक्रोवेव्ह असेल तर काचेच्या खोल भांड्यात पाव वाटी दाणे, वर मायक्रोवेव्हची ताटली, अडीच-तीन मिनिटं. तेलाचा थेंब लागत नाही. दोन फुटण्यांत दोन सेकंदांचं अंतर पडलं की बंद करा, नाहीतर करपलेला वास दोन दिवस जात नाही.

दातांची डॉक्टर, बीड

दोनच गोष्टी. एक, गणंग चावू नका. माझ्याकडं दाढेचा तुकडा हातात घेऊन येणाऱ्यांत पॉपकॉर्नवाले असतात. हिरडीत साल अडकली तर टाचणीनं कोरू नका, धाग्यानं काढा, चूळ भरा. दोन, चार वर्षांखालच्या लेकरांना पॉपकॉर्न अजिबात नको, घशात अडकतात. त्यांच्यासाठी आत्यांचं लाह्याचं पीठ, दुधात पातळ करून.

हिंगोलीकर

पॉपकॉर्नवर जीएसटी किती यावरून डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीनंतर केवढी चर्चा झाली होती आठवतं का? तेव्हा खारे सुटे ५ टक्के, खारे पाकिटातले १२, साखरेच्या पाकातले १८ असं होतं. मी हसलो होतो, पण आरोग्याच्या दृष्टीनं क्रम बरोबरच लावला होता की! आणि हो, काल घरी केले. मोंढ्यातलेच दाणे. बरे लागले. सुशीलाची सर नाही.

वसमत रोड, परभणी

सगळ्यांना, विशेषतः आत्या आणि मास्तरांना. बरणीचा प्रयोग केला. तीन वाट्या दाणे, एक चमचा पाणी. हलवायचं काम पोरानं अंगावर घेतलं, शाळेत जाताना एकदा, आल्यावर एकदा, झोपताना एकदा. चौथ्या दिवशी तीच अर्धी वाटी, तीच कढई. तीन दाणे आधी टाकले, ते फुटल्यावर बाकीचे. झाकण वर उचललं जायला लागलं, एक लाही थेट सासऱ्यांच्या चष्म्यावर.

गणंग मोजले. ७३ चे २१.

सासरे मुठीचं माप पाळतात, नातवाच्या वाडग्यातून मात्र दोन-चार उचलतात, मी बघून न बघितल्यासारखं करते. येत्या रविवारी आत्यांच्या पद्धतीनं ज्वारी बांधून ठेवणार आहे. आत्या, एक विचारायचं राहिलं, धडपं सुतीच पाहिजे का जुन्या ओढणीचं चालेल?

अंबाजोगाईची आत्या

सुतीच. आणि ज्वारी एकदम किलोभर नको बांधू, आधी दोन वाट्या कर.

मक्याचा मळा, सिल्लोड

आणि ते २१ टाकू नका ताई. कोंबड्या नसतील तर आमच्याकडं पाठवा.