जोडाक्षरांशिवाय यमकाचं चित्रपुस्तक: मुलं नेमकी कुठे अडखळतात?

पाटीपेन्सिल
पहिलीच्या मुलांना स्वतः वाचता येईल असं 16 पानी चित्रपुस्तक लिहितेय. घरातल्या वस्तू एकामागून एक फिरायला निघतात, एवढीच गंमत. सुरुवात अशी:

खाट निघाली चालत चालत
ताट म्हणाले, थांब जरा, मी येते सोबत

पहिली ओळ मुलं झरझर वाचतात, दुसरीला अडखळतात. असं का होतं? दुसरं म्हणजे, इंग्रजीतले बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांच्या 1960 च्या 'ग्रीन एग्ज अँड हॅम'मध्ये फक्त 50 वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत तेवढ्यात भागेल का?

लघुगुरू
मात्रा मोजून बघा: ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घ अक्षराच्या 2. पहिली ओळ 8 अधिक 8, म्हणजे 16. दुसरी थेट 24. पहिल्या ओळीचा ठेका कानात बसलेला असतो, त्यामुळे 'जरा, मी'पाशी मूल ओळ संपली असं समजतं आणि पुढचे दोन शब्द उपरे होतात. संवाद काढा:

ताट निघाले हालत हालत
पाट निघाला डोलत डोलत
वाट निघाली बोलत बोलत

खाट, ताट, पाट हे 3 मात्रांचे शब्द आहेत, म्हणून पुढे 5 मात्रांचंच क्रियापद लागतं: निघाली, पळाली, उडाली. 'खाट आली' केलंत की 7 होतात आणि ठेका तुटतो.

यमक मूळ शब्दातच जुळवा. 'खाटेवर–भिंतीवर' यात फक्त प्रत्यय जुळतो, ते आळशी यमक. 'चालत–हालत'मध्ये एकच अक्षर बदलतं आणि बाकीचं मुलाने आधीच वाचलेलं असतं. नवशिक्या वाचकाला यमकाचा खरा उपयोग हाच.

बाराखडीवाली
'म्हणाले'मध्ये म्ह आहे, तेही एक कारण. गोष्टीत संवाद आला की हा शब्द येतोच. 'बोलला', 'विचारले' वापरा, नाहीतर बोलणाऱ्याचं चित्र काढून क्रियापदच गाळा.

जोडाक्षरं सामान्यरूपातूनही, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप बदलतं त्यातूनही शिरतात. बोका साधा, पण 'बोक्याला' नाही, घोड्याचंही तेच. सशाचं 'सशाला' होतं, त्यात जोडाक्षर नाही, पण 'ससा' ओळखणारं मूल 'सशा' ओळखत नाही. म्हणून शेवटी काना नसलेली पात्रं घ्या: माकडाला, उंटाला, बदकाला. चिमणी चालेल, चिमण्या नकोत.

50 शब्दांचा हिशेब इथे तसाच लागू होत नाही. निघाला, निघाली, निघाले हा मोठ्यांना एक शब्द, नवशिक्याला तीन. रूपं वेगवेगळी मोजा आणि 16 पानांत 30 ते 35 रूपांवर थांबा. मात्र ही तीन रूपं पुस्तकात राहू द्याच. सगळीकडे 'निघाला' असेल तर मूल शेवटचं अक्षर न बघता ठोकून देतं. फक्त पहिल्याच पानावर 'निघाली' नको. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, तिथे बरीच मुलं गडबडतात. 'खाट पळाली हालत डोलत'ने सुरुवात केली तर मात्राही जुळतात.

यमक लवकर पाठ होतं, आणि पाठ झालं म्हणजे वाचता आलं असं नाही. ओळी पट्ट्यांवर लिहून क्रम बदला आणि चित्राशिवाय वाचायला द्या. 'पाट'ला 'ताट' म्हटलं तर मूल अजून आठवणीवरच चाललंय.

जुळारी
छपाईचं थोडं. मधोमध पिन मारायची तर पानं 4 च्या पटीत हवीत. 16 पैकी शीर्षक, श्रेयनामावली वगळून गोष्टीला 12-13 उरतात, त्यामुळे एका पानावर एकच ओळ ठेवा. ओळ मोडायचीच झाली तर 8 मात्रांनंतर, 'खाट निघाली'च्या पुढे. शब्दाच्या मध्ये कधीही नाही.

अक्षर 24 पॉइंटच्या आसपास, ओळींमधलं अंतर सैल. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीतल्या अक्षरावरच्या मात्रेला टेकतो. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडा आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते पाहा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं, आणि मूल शाळेत वेगळा ल गिरवत असतं. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू नसेल तर वेलांट्या जागा सोडतात, तेव्हा छापायला देण्याआधी पीडीएफ शब्दन्‌शब्द तपासा.