बोट बुक झालीय आणि बोटाला स्प्लिंट आहे

चादरखोची, पुणे

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा हास्यास्पद वाटेल, पण माझी झोप उडालीय. गेल्या महिन्यात गादीखाली चादर खोचताना उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं, टक् असा आवाज झाला आणि शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं. फार दुखलं नाही म्हणून दोन दिवस हळद लावून हिंडले. हाताच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, मॅलेट फिंगर. पेर वर उचलणारी कंडरा तुटलीय. हाड शाबूत, जखम नाही, टाके नाहीत. प्लास्टिकची टोपीसारखी स्प्लिंट रात्रंदिवस घालायची, ६ ते ८ आठवडे. मधे एकदा जरी पेर वाकलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून!

आणि अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा ४ दिवसांचा ओपन वॉटर कोर्स मी केव्हाच बुक करून बसलेय, पैसे भरून. तेव्हा स्प्लिंटचा सहावा आठवडा चालू असेल. डॉक्टर म्हणाले हात भिजू दे, पेर वाकू देऊ नका. १८ मीटरवर काय होतं ते मला विचारू नका, हेही म्हणाले. मी असं ठरवलंय की सर्जिकल ग्लोव्हचं एक बोट कापून स्प्लिंटवर चढवायचं आणि मुळाशी चिकटपट्टीने गच्च बांधायचं, म्हणजे आत पाणी जाणार नाही. चालेल का?

शिवाय मधलंच बोट आहे हो. पांढऱ्या टोपीत ताठ. पाण्याखाली अनोळखी माणसांना मी दिवसभर काय दाखवत फिरणार आहे, ते आलं ना लक्षात?

खारा वारा, मस्कत

ताई, ते ग्लोव्हचं बोट आधी कचऱ्यात टाका. मी नेमकं तेच केलं होतं.

माझं डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गाडीच्या दारात चेमटलं होतं. इथे दमानियात बेटांवर जायची होडी ठरलेली, ८ जणांचे पैसे भरलेले, मग काय, शहाणपणा सुचला. ग्लोव्हचं बोट, मुळाशी इलेक्ट्रिशियनची काळी टेप. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि अडकलेली हवा निम्मी. रबर बोटाला असं चिकटलं की सुजलेलं नख कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखं ठणकायला लागलं. मग ते मुळाशी कुठेतरी सुटलं आणि आत पाणी शिरलं. वर येईपर्यंत पाऊण तास बोट त्याच पाण्यात मुरत होतं. टेप काढली तेव्हा कातडी पांढरीफटक, भिजवून सोललेल्या बदामासारखी. शिवाय गच्च टेपचा वळ. हवा कोंडायची नाही आणि रक्तही कोंडायचं नाही. पाणी येऊ दे, जाऊ दे. पट्टी बांधल्यावर नख दाबून सोडा, २ सेकंदांत परत गुलाबी झालं तर ठीक.

तुमचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे: उजवा हात. तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरायची आणि सोडायची बटणं डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीवर असतात, हवेचा काटाही बहुतेक डावीकडेच. माझी त्यातच वाट लागली होती. श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून सुटला तर उजवा हात मागून पुढे फिरवून नळी शोधायची असते, पण ती दंडावर आणि कोपरात येऊन अडकते, बोटाची गरज नसते. कमरेच्या वजनाच्या पट्ट्याचं बक्कल मात्र उजव्या हाताने उघडायला शिकवतात. ते अंगठा आणि तर्जनीत धरून घरी २० वेळा करून बघा. साध्या बेल्टवर केलं तरी चालेल. नाक दाबून कान मोकळे करायचे ते डाव्या हाताने.

आता खाणाखुणांचं. ही गोष्ट कुणी सांगत नाही. टाकीत ५० बार हवा उरली की मूठ दाखवायची, बरोबर? मी दाखवली. पण माझं स्प्लिंटमधलं बोट मिटेचना, ते सरळच राहिलं. माझ्या जोडीदाराने मूठ पाहिलीच नाही, बोट पाहिलं, आणि मी कासव दाखवतोय असं समजून तो त्या दिशेला निघाला. मी मूठ हलवतोय, तो आणखी जोरात पाय मारतोय. शेवटी त्याच्या पायातला फिन धरून ओढला आणि काटाच डोळ्यांपुढे धरला. तेव्हा कोर्सच्या पहिल्या सकाळी, पाण्यात उतरण्याआधी, इन्स्ट्रक्टरला आणि जोडीदाराला सांगा: सगळ्या खुणा डाव्या हाताने, उजव्याकडे लक्ष देऊ नका. मधल्या बोटाचाही प्रश्न सुटेल.

वेटसूट (पाण्यातला घट्ट रबरी पोशाख) घालताना हातावर ब्रेडच्या पुड्याची पिशवी चढवा. बाही सरसर वर जाते, स्प्लिंट अडकत नाही.

पेरपुराण, नाशिक

मी फिजिओ आहे, हातांचंच काम करते. पाण्याखाली गेलेली नाही, त्यामुळे वरचं खाली जाण्याचं सगळं त्यांच्यावर सोडते.

दोन स्प्लिंट न्या. एक समुद्राची, एक कोरड्याची. ॲल्युमिनियमची, आत निळा फोम असलेली असेल तर ती नकोच. फोम खारं पाणी धरून ठेवतो, रात्रभर बोट ओलं. छिद्रं असलेली कडक प्लास्टिकची घ्या.

बदलताना चूक होते ती इथे. बोट हवेत धरून टोपी ओढू नका. तळहात टेबलावर पालथा ठेवा, बोट सपाट, दुसऱ्या हाताने टोक टेबलाला दाबून धरा, आणि मग टोपी पुढे सरकवत काढा. गोड्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा, पंख्याखाली ५ मिनिटं, पेर सगळा वेळ टेबलाला टेकलेलं. मग कोरडी टोपी. एकटीने जमत नसेल तर कुणाला तरी टोक धरायला बसवा. होडीत हे करूच नका, होडी हलते. किनाऱ्यावर आल्यावर करा.

कातडी सोलली, चीर पडली, लाल रेघ वर चढायला लागली तर त्या दिवसापासून पाणी बंद. कोमट समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात, उघड्या जखमेतून ते कधीकधी फार वेगाने पसरतात. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांनी तर ओल्या जखमेने समुद्रात जाऊच नये. हे वाचून टाके असलेलं कुणी निघालं असेल तर त्यांच्यासाठी उत्तर सरळ ‘नाही’ असंच आहे.

आणि रोज डाइव्हच्या आधी बोट किती दुखतंय ते १० पैकी आकड्यात लिहून ठेवा. वर आल्यावर सांधा दुखला तर तो जुना की डीकम्प्रेशनचा (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होऊन दुखतं ते), हे ठरवताना तो आकडा उपयोगी पडेल. दुसऱ्याच सांध्यात दुखलं तर बोटाला दोष देऊन गप्प बसू नका.

राजकोटचो, मालवण

ताई, पाण्यात काय होणा नाय, जां काय होता तां शिडयेर होता.

इकडे किल्ल्याच्या आसपास आम्ही रोज पर्यटक उतरवतो. हाताला लागतं ते परत वर चढताना. लाट होडी उचलते, माणूस खाली, आणि चारही बोटं लोखंडी दांड्यावर गच्च. तुमचं पेर तिथे वाकणार. वजनाचा पट्टा आणि जॅकेट पाण्यातच काढून वरच्या माणसाकडे द्या, मग फिन, आणि मग चढा. उजव्या हाताचा पंजा नाही, कोपर दांड्यात अडकवा. लाज वाटून घेऊ नका, आम्ही रोज लोकांना बखोटीला धरून वर घेतो.

आणि खडकाला धरू नका. अंदमानचं मला माहीत नाही, इकडच्या कालवांची धार ब्लेडसारखी असते.

चादरखोची, पुणे

सगळ्यांचे आभार. ग्लोव्ह रद्द. दुसरी स्प्लिंट आणली, डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली (सेंटरने मेडिकल फॉर्मसोबत मागितलीच). पट्ट्याचं बक्कल नवऱ्याच्या बेल्टवर ३० वेळा झालं. निघते.

चादरखोची, पुणे

आले परत. चारही डाइव्ह झाल्या, कार्ड मिळालं. खुणा डाव्या हाताने ठरवल्या होत्या, इन्स्ट्रक्टरने ब्रीफिंगमध्ये सगळ्यांना माझं बोट दाखवून घेतलं, एकदाच हशा झाला आणि विषय संपला. शिडीला कोपर. दुखणं रोज १० पैकी १.

पण मोजणी पुन्हा शून्यावर आलीय. तिसऱ्या दिवशी बाहीसकट टोपी निघाली आणि पेर लोंबलं. आणखी ६ आठवडे.

खारा वारा, मस्कत

अरेरे. पण ब्रेडची पिशवी होती ना?

चादरखोची, पुणे

होती की. घालताना रोज वापरली. काढतानाचं कुणी लिहिलं नव्हतं.