साऊथ सिडनी रॅबिटोज: जुने कुठले किस्से माहीत असायलाच हवेत?

पॅरामाटाकर:
मंडळी, सिडनीत आल्यापासून क्रिकेट सोडून दुसरं काही बघितलेलं नाही. आता नवीन टीममध्ये सगळे रग्बी लीगवाले, त्यात दोघं साऊथ्सचे (म्हणजे साऊथ सिडनी रॅबिटोज या इथल्या रग्बी लीग क्लबचे) कट्टर, डबा खाताना १९७० काय नि १९९९ काय, मी नुसती मान डोलावतो. नेटवर बघितलं तर २१ वेळा प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकले वगैरे आकडे मिळाले, पण त्याने काय होतंय. नियम जुजबी कळतात, सहा टॅकल (बॉलवाल्याला पकडून थांबवणं) झाले की बॉल समोरच्यांकडे वगैरे. या लोकांना नेमकं काय जिव्हाळ्याचं आहे ते कुणी सांगेल का?

मारुब्राचा_बाब्या:
१९७० म्हणजे जॉन सॅटलरचा जबडा! मॅन्लीविरुद्ध ग्रँड फायनल, कॅप्टन सॅटलर, सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली असतील नसतील तर मॅन्लीच्या एकाने ठोसा मारला आणि जबडा तीन ठिकाणी मोडला. हा पठ्ठ्या शेजारच्या खेळाडूला म्हणे मला धरून उभा कर, त्यांना कळता कामा नये. मग उरलेली मॅच पूर्ण खेळला, हाफटाइमलाही बाहेर जायला तयार नाही, २३-१२ ने जिंकले आणि ट्रॉफी घेऊन भाषणसुद्धा ठोकलं, हॉस्पिटल त्यानंतर. पण माझ्या मते त्या मॅचमधल्या एरिक सिम्सबद्दल कुणीच बोलत नाही, त्याने चार फिल्ड गोल (चालू खेळात किक मारून केलेले गोल) मारले, तेव्हा एकाला २ पॉइंट मिळायचे म्हणजे ८ पॉइंट तिथेच. पुढच्या वर्षी फिल्ड गोलची किंमत १ वर आणली, आता बोला! आणि हो, तेव्हा सहा नाही, चारच टॅकल मिळायचे.

रेडफर्न_२०१६:
बाब्या, किस्सा भारीच, पण तशी दुखापतीची गोष्ट हुडकली तर बऱ्याच क्लबांकडे सापडेल. साऊथ्सची खरी गोष्ट १९९९ ची. सुपर लीग या प्रतिस्पर्धी लीगच्या भांडणात दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, मग समेट झाला आणि ठरलं की २००० पासून १४ च टीम ठेवायच्या. कुणी विलीन झालं, साऊथ्सने नाही म्हटलं, तर त्यांना काढूनच टाकलं, १९०८ च्या पहिल्या सीझनपासूनचा, पहिली प्रीमियरशिप जिंकलेला क्लब. लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २००० च्या मोर्च्याला ८० हजारांच्या आसपास माणसं होती म्हणतात, तेही फेडरल कोर्टात हरल्यावर लगेच, आणि टीम तेव्हा मैदानात नव्हतीच! चेअरमन जॉर्ज पिगिन्स, स्वतः क्लबचा जुना खेळाडू, त्याने अपील लावून धरलं, जुलै २००१ मध्ये निकाल फिरला आणि २००२ ला परत आत. गंमत म्हणजे २००३ मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च कोर्ट) निकाल पुन्हा उलटा दिला, पण तोपर्यंत हे खेळायला लागले होते, मग कोण काढणार. तुझ्या ऑफिसातला कोणी चाळिशी ओलांडलेला असेल तर त्याला मोर्च्याबद्दल विचार, जेवण थंड होईल पण तो थांबणार नाही.

पॅरामाटाकर:
हे माहीतच नव्हतं. मग तो हॉलिवूडचा नट रसेल क्रो कुठून आला मधे?

रेडफर्न_२०१६:
तो आधीपासूनच फॅन. १९९९ ला क्लबसाठी लिलाव झाला तेव्हा १९०८ च्या पहिल्या मॅचची घंटा ४२ हजार डॉलरला घेऊन क्लबलाच दिली. परत आल्यावर टीम तळाशीच घुटमळत होती, २००६ ला क्रो आणि पीटर होम्स अ कोर्ट यांनी ३० लाख डॉलरमध्ये ७५ टक्के हिस्सा मागितला. सभासदांचं मतदान, ७५ टक्के मतं हवी होती आणि ती जेमतेम मिळाली. आपल्याकडच्या साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा बघितली असशील तर वातावरण कळेल. आणि ज्या पिगिन्सने क्लब वाचवला तोच विक्रीच्या विरोधात! दोन्ही बाजू पटतात मला, खरं सांगायचं तर.

मारुब्राचा_बाब्या:
आणि २०१४ राहिलंच की. १९७१ नंतर थेट २०१४, ४३ वर्षं. कॅन्टरबरीला ३०-६ ने धुतलं. सॅम बर्जेसच्या गालाचं हाड पहिल्याच टॅकलला मोडलं, डोकं डोक्यावर आदळून, तरी तो शेवटपर्यंत खेळला आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच. ५६ व्या मिनिटापर्यंत ६-६ होतं बरं, स्कोअरवर जाऊ नकोस.

गोडबोले_काका:
सगळे गोड गोड बोलताय म्हणून एक खडा टाकतो. १९०९ ची फायनल, साऊथ्स विरुद्ध बॅल्मेन. ती मोठ्या मॅचच्या आधीची पूरक मॅच म्हणून ठेवली, दोन्ही टीम नाराज, बॅल्मेनवाल्यांचं म्हणणं की आपण दोघांनी खेळायचं नाही असं ठरलं होतं. प्रत्यक्षात साऊथ्स मैदानात हजर! समोर कोणीच नाही, यांनी किक मारली, बॉल उचलला, ट्राय केला (गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला), झाले चॅम्पियन. त्या २१ मध्ये हीपण मोजतात. साऊथ्सवाले म्हणतात असा काही करारच नव्हता. बॅल्मेन आता वेस्ट्स टायगर्समध्ये विलीन झालंय, तेव्हा पॅरामाटाकर, टेबलावर कोणी टायगर्सचा नाही ना ते बघून मग विषय काढ.