उजव्या हातावरचा टॅटू लेझरने घालवण्याआधी काय माहीत असावे?

प्रश्न : गोदाकाठ (परभणी जिल्हा)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ बारावीनंतर लातूरच्या एका अकादमीत राहून भरतीची तयारी करतो आहे. मागे एका यात्रेत मित्रांच्या नादाने त्याने उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटे वर, त्रिशूळ आणि त्याखाली स्वतःचे नाव गोंदवून घेतले. रेषा काळ्या आहेत, त्रिशुळाला लाल कड आहे आणि शेजारच्या बेलपानांत हिरवा रंग भरलेला आहे. वैद्यकीय तपासणीत हे चालणार नाही, असे अकादमीतल्या मुलांनी सांगितल्यापासून त्याने तो घालवण्याचे डोक्यात घेतले आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका पार्लरवाल्याने दोन बैठकांत हात कोरा करून देण्याची हमी देऊन आगाऊ रक्कम मागितली आहे, आणि मला नेमकी त्या हमीचीच धास्ती वाटते. टॅटू खरोखर पूर्ण जातो का, किती काळ लागतो, आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग राहतो का, आणि हे काम कोणाकडून करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : माजी सैनिक (बीड)

ताई, लेझरची चौकशी करण्याआधी त्याने नेमकी कोणती भरती धरली आहे ते विचारून घ्या, कारण सगळ्या दलांचा नियम एकसारखा नाही. सैन्याच्या अग्निवीर भरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतच्या भागावरचा आणि तळहाताच्या मागच्या बाजूवरचा कायमस्वरूपी टॅटू चालतो. अंगावर इतरत्र असलेला चालत नाही, मात्र आदिवासी समाजांतील उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार वेगळी सवलत आहे. म्हणजे तुम्ही लिहिले तसा तो आतल्या बाजूलाच असेल, तर सैन्यासाठी त्याला हात लावण्याचे कारण दिसत नाही.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांत मात्र हिशेब बदलतो. तेथेही धार्मिक चिन्ह आणि नाव मान्य आहे, परंतु टॅटू डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या भागावर किंवा पंजाच्या मागच्या बाजूवर असावा लागतो, आणि त्याने त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी जागा व्यापलेली असावी लागते. उजवा हात सलामीचा, म्हणून डाव्याची अट. तुमच्या भावाचे त्रिशूळही चालेल आणि नावही चालेल. अडते ते केवळ बाजूवर. हे निकष जाहिरातीगणिक बदलू शकतात, तेव्हा चालू जाहिरातीतला वैद्यकीय पात्रतेचा परिच्छेद त्याने स्वतः वाचावा. अकादमीतल्या पोरांच्या सांगण्यावरून कोणी हात भाजून घेऊ नये.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

माजी सैनिकांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. घालवायचेच ठरले, तर पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते. ती त्याखालच्या थरात भक्षक पेशींमध्ये अडकून पडलेली असते, म्हणून वरून कितीही घासले तरी जात नाही. लेझरचा अत्यल्प काळाचा, सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागणारा झोत शाईच्या कणांना इतक्या झटक्यात तापवतो की ते फुटतात, आणि ती उष्णता भोवतालच्या कातडीत पसरण्याच्या आत झोत संपलेला असतो. या उपचारामागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. फुटलेले बारीक कण पुढे शरीर स्वतःच, बरेचसे लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांच्या वाटेने, हळूहळू वाहून नेते. खरे काम यंत्राचे नसून शरीराचे असल्यामुळे त्यात घाई करून काही साधत नाही. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवले जाते आणि त्याहून जास्त अंतर पडले तरी नुकसान होत नाही, कारण त्या काळातही शाई फिकी होतच असते.

आता हिशेब करू. काजळीने किंवा साध्या काळ्या शाईने हौसेखातर गोंदलेले अक्षर पुष्कळदा थोड्या बैठकांत जाते, पण यंत्राने भरगच्च रंगवलेल्या टॅटूला सहा ते दहा बैठका सहज लागतात, कधी त्याहूनही अधिक. आठ बैठका धरल्या तर मधल्या सात अंतरांचे मिळून सुमारे दहा ते तेरा महिने होतात. तेव्हा दोन बैठकांची हमी देणाऱ्याला एक तर विषय ठाऊक नाही, किंवा आपल्या आगाऊ रकमेपलीकडे त्याला काही बघायचे नाही. मी स्वतः कोणत्याही रुग्णाला पूर्ण पुसण्याची हमी देत नाही. पुष्कळ फिका होईल, बहुधा ओळखू येणार नाही, एवढेच सांगतो. शिवाय छाती किंवा मानेच्या तुलनेत हातापायांच्या टोकांकडचा टॅटू सावकाश जातो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत परिणाम आणखी मंदावतो.

रंगांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. काळ्या शाईसाठी क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरची १०६४ नॅनोमीटर ही तरंगलांबी वापरतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीसाठी तीच सर्वांत सुरक्षित, कारण कातडीला सावळेपणा देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य ती त्यामानाने कमी शोषते. लाल रंगाला त्याच यंत्राची ५३२ नॅनोमीटरची तरंगलांबी लागते. लाल रंग तिला चांगला दाद देतो, पण मेलॅनिनही ती भरपूर शोषते, त्यामुळे सावळ्या हातावर फोड, काळसर डाग किंवा पांढरट चट्टा उमटण्याचा धोका वाढतो. हिरव्यासाठी ६९४ नॅनोमीटरचे रुबी किंवा ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेझर लागते, आणि ते प्रत्येक दवाखान्यात नसते. म्हणून त्रिशूळ गेले आणि बेलपाने राहिली, असे होऊ शकते. ते आधीच विचारून घ्यावे. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई असेल तर अधिकच सावध राहावे लागते, कारण त्या शाईतील टायटॅनियम किंवा लोहाची संयुगे लेझरने उलट काळी पडतात. कातडी आणि रंग असे दोन्ही प्रश्न असताना आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे वाट पाहणारा डॉक्टर निवडावा.

केस काढण्याच्या आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत देणाऱ्या) यंत्राने टॅटू काढणे हा सरळसरळ धोका आहे. त्याचा झोत या कामासाठी फार लांब असतो. शाई फुटत नाही, कातडी मात्र भाजते. पार्लरमध्ये कोणते यंत्र आहे आणि ते चालवणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

भावाला पूर्वी कुठे जखमेवर गाठीसारखा व्रण वाढला असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा होत्या, अथवा टॅटूची लाल कड अधूनमधून खाजून सुजत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. लाल शाईची ॲलर्जी असताना लेझर दिल्यास ती प्रतिक्रिया अंगभर उठू शकते. आणखी एक, थोडे विषयाबाहेरचे पण गरजेचे. यात्रेत एकच सुई अनेकांना वापरली जाते, तेव्हा त्याने कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही या तपासण्या करून घ्याव्यात. एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयाच्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत आणि गोपनीय होते.

उत्तर : बालाघाट (लातूर)

मी दंडावरचा टॅटू अशाच पद्धतीने घालवून घेतला आहे, म्हणून प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. आधी तासभर बधिरतेचे मलम लावून त्यावर प्लॅस्टिक गुंडाळून बसवतात. मग माझ्या, डॉक्टरांच्या आणि मदतनीस सिस्टरांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढले, आणि टकटक असा आवाज सुरू झाला. मलम लावूनही प्रत्येक ठोका फोडणीतली मोहरी उडून अंगावर बसावी तसा चटकत होता. झोत पडलेली प्रत्येक रेष क्षणात पांढरीफटक होत गेली. टॅटू गेला की काय, असे वाटून मी हरखलो, तर डॉक्टर हसून म्हणाले की कातडीत तयार झालेल्या वायूमुळे तो पांढरेपणा येतो आणि अर्ध्या तासात उतरतो. तसेच झाले. मागे राहिली लाली, सूज आणि जळालेल्या केसांचा वास.

दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला फोड आला. तो फोडू नका, असे बजावलेले होते. दिलेले मलम लावून वर स्वच्छ जाळीचे कापड बांधत राहिलो, खपली आपोआप गळून पडली. ती नखाने काढणाऱ्याच्या हातावर व्रण राहतो. कातडी बरी होईपर्यंत पोहणे आणि घामाने निथळणारा सराव बंद ठेवावा लागतो, हे भरतीच्या मुलांना जड जाते, तेव्हा बैठकीच्या तारखा मैदानी चाचणीपासून दूर घ्याव्यात.

ऊन हा आपल्या भागातला मोठा शत्रू आहे. करपलेल्या हातावर चांगला डॉक्टर लेझर देतच नाही, कारण उन्हाने वाढलेले मेलॅनिन झोत खाऊन टाकते आणि डाग पडतात. माझी एक बैठक एप्रिलमध्ये येत होती, ती डॉक्टरांनी सरळ पुढे ढकलली. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, एवढे नेमाने पाळावे लागते. माझ्या दंडावर मध्यंतरी फिकट चट्टा दिसत होता, तो काही महिन्यांत भरून आला.

खर्च टॅटूच्या आकारावर आणि यंत्रावर ठरतो आणि बैठकीगणिक काही हजारांच्या घरात जातो. दर बैठकीचा आहे की चौरस इंचाचा, हे आधी विचारा. सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरू नका. दर बैठकीला त्याच उजेडात, त्याच अंतरावरून हाताचा फोटो काढून ठेवा, नाहीतर काही फरकच पडला नाही, असे तिसऱ्या बैठकीनंतर प्रत्येकाला वाटते.

उत्तर : पाटील काका (हिंगोली)

एवढा पैसा आणि वर्षभराचा वेळ कशाला? आमच्याकडे पूर्वी चुना आणि खाण्याचा सोडा लावून गोंदण घालवत असत. नाहीच गेले, तर त्यावर दुसरे मोठे चित्र काढून घ्यावे.

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

काका, चुन्याने गोंदण जात नाही, कातडी जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या आम्लाच्या बाटल्यांचेही तेच. त्यांनी उठलेला व्रण तपासणीच्या वेळी टॅटूइतकाच नजरेत भरतो, आणि व्रणाखाली अडकलेली शाई नंतर लेझरलाही लवकर दाद देत नाही. वर दुसरे चित्र काढण्याने या मुलाचे तर दुहेरी नुकसान होईल, कारण जागा जास्त व्यापली जाईल आणि शाईचा थरावर थर चढल्याने पुढे बैठका वाढतील.

प्रश्नकर्ती : गोदाकाठ (परभणी जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी सविस्तर बोलले. त्याचा पहिला ओढा सैन्याकडेच आहे, त्यामुळे आधी जाहिरात वाचून, टॅटूची जागा टेपने मोजून मगच ठरवायचे, असे आमचे ठरले. पार्लरला नकार कळवला आहे. डॉक्टरसाहेब, दोन शंका उरल्या. शासकीय रुग्णालयात हा उपचार होतो का? आणि माझ्या मावशीच्या कपाळावर व हनुवटीवर लहानपणीचे हिरवे गोंदण आहे. हिरवा रंग लवकर जात नाही, असे आपण लिहिले आहे. मग तिचे जाणारच नाही का?

उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

येथील घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या ठिकाणच्या त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात आधी हात दाखवून घ्या. तेथे लेझर कोणते आहे आणि सध्या चालू आहे का, हे त्याच भेटीत कळेल. आणि खासगीत जायचे ठरले, तरी तज्ज्ञाचे एक मत पदरात असलेले बरे.

मावशींच्या गोंदणाचे म्हणाल, तर ते हिरवे दिसत असले तरी शाई बहुधा काजळीचीच, म्हणजे काळी असते. कातडीच्या खोल थरातील काळे कण वरून पाहताना निळसर हिरवे दिसतात, कारण निळा प्रकाश कातडीतून अधिक विखुरला जाऊन परत येतो. त्यामुळे त्यांना हिरव्या शाईचे लेझर लागत नाही. १०६४ नॅनोमीटरनेच काम होते आणि जुन्या गोंदणाला बैठकाही सहसा कमी लागतात. कपाळावरचे गोंदण भुवईच्या जवळ असेल, तर मात्र साधा चष्मा पुरत नाही. पापणीच्या आत, थेट बुबुळावर बसणारी धातूची ढाल घालूनच झोत द्यावा लागतो, आणि ती ज्या दवाखान्यात नसेल तेथे चेहऱ्यावरचे काम करून घेऊ नये.