फॅन बदलण्याआधी स्लीप तपासा
झाकण लावून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तासाभरात इस्त्रीसारखा तापतो, तर फॅन बदलून घ्या, असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. थांबा, पैसे घालवू नका. झाकण लावल्यावर लॅपटॉप 'स्लीप'मध्ये, म्हणजे झोपेत जातो. जुन्या एस-३ प्रकारच्या स्लीपमध्ये प्रोसेसरची (मुख्य चिपची) वीजच तोडली जायची, फक्त रॅमला (चालू कामाच्या मेमरीला) जेमतेम मिळायची. नव्या मशीनमध्ये बहुतेक एस-० प्रकार असतो: चिप फोनसारखी नुसती डुलकी काढते, मेल-अपडेटसाठी अधूनमधून उठते. एखादा ड्रायव्हर (वायफायसारखा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) अडला की तिला झोपच लागत नाही, आणि बंद बॅगेत हवा कुठून येणार!

माझ्या विंडोजवर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी' (powercfg /sleepstudy) चालवलं. गेल्या ३ दिवसांचा अहवाल आला, त्यात झोप मोडणाऱ्यांच्या यादीत वायफाय कार्ड सगळ्यात वर, लालभडक. ड्रायव्हर बदलल्यावर निम्मा ताप गेला. उरलेल्यासाठी झाकण लावल्यावर थेट हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर, वीज बंद. उठायला थोडे जास्त सेकंद लागतात, लागू देत.

लिनक्सवाल्यांनी 'मेम_स्लीप' (/sys/power/mem_sleep) फाइलीत 'डीप' (deep), म्हणजे एस-३, दिसतंय का बघावं. नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एस-३ शोधा, पण पुष्कळ नव्या मशीनमधून तो पर्यायच काढून टाकलाय.