बर्मी 'म'भोवतीचं कडं सुटून पडतंय (फ्लेक्सचं मॅटर आहे, जरा घाई आहे)

फ्लेक्सवाला_रत्नागिरी:
मंडळी, रत्नागिरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. मराठी, इंग्रजी, उर्दू सगळं केलंय, बर्मी पहिल्यांदाच. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याच्या इथल्या समाधीला ब्रह्मदेशातून लोक येतात, त्यांच्यासाठी एका गिऱ्हाइकाला सहा बाय चारचा माहितीफलक हवाय. मॅटर मेलवर आलं, सोबत मोबाइलचा स्क्रीनशॉट.

स्क्रीनशॉटमध्ये पहिलाच शब्द 'म्यानमार'. त्यातल्या पहिल्या म ला डावीकडून वर-खाली वेढणारं, उजवीकडे उघडं असं कडं आहे. माझ्याकडे पेस्ट केलं की कडं गायब! आधी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, त्याला शेपटी, मग उघडाबोडका म, मग न, आणि त्या न च्या पोटाखाली दुसरा म लोंबतोय. नोटो फॉन्ट लावला, पदौक फॉन्ट लावला, तेच. बर्मी वाचता येत नाही मला, पण चित्र जुळत नाही एवढं कळतं.

काम_उरका:
स्क्रीनशॉट ट्रेस करा आणि टाका छापून. कोण बघतंय?

लिपीवेडा:
फॉन्ट बदलून काही होणार नाही. तुमचं मॅटर 'झॉजी' नावाच्या जुन्या बर्मी फॉन्टात टाइप केलंय. (झॉजी म्हणजे त्यांच्या लोककथांमधला किमयागार. नाव अगदी शोभतं.)

तुम्ही डीटीपीवाले, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. आपले जुने मराठी फॉन्ट आठवा. पहिली वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर. युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला कोड) अक्षर आधी, वेलांटी नंतर, आणि ती डावीकडे नेऊन बसवायचं काम फॉन्टचं. बर्मी कड्याचं तसंच. ते कडं म्हणजे जोडाक्षरातला 'र'. लिहितात 'म्रन्मा', म्हणतात 'म्यन्मा'. युनिकोडमध्ये म आधी, कडं नंतर. झॉजीत कडं आधी, म नंतर.

एवढंच असतं तर निभावलं असतं. आपले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी बसलेले, त्यामुळे फॉन्ट उडाला की इंग्रजी कचरा दिसतो आणि लगेच कळतं. झॉजी बसला थेट बर्मीच्याच जागांवर, पण खुर्च्या अदलाबदल करून. त्याने र चं कडं १०३बी या कोडावर ठेवलं, तिथे युनिकोडमध्ये य ची शेपटी आहे. तुमच्या रिकाम्या वर्तुळाला चिकटलीय ती हीच. न चा पाय मोडायची खूण (आपल्याकडे खाली, त्यांच्याकडे डोक्यावर) त्याने १०३९ वर ठेवली. युनिकोडमध्ये १०३९ दिसतच नाही, ती पुढचं अक्षर मागच्याच्या खाली ढकलते. म्हणून म लोंबतोय. शब्द दोन्हीकडे सहाच कोडांचा, त्यामुळे मोजूनही पत्ता लागत नाही.

बर्मी युनिकोडमध्ये १९९९ पासून आहे, पण कडं आणि पायमोडी यांना स्वतंत्र जागा मिळाल्या २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोक झॉजीला सरावलेले. १ ऑक्टोबर २०१९ ला म्यानमारने अधिकृतपणे युनिकोड धरलं, तरी जुन्या फाइली कुठे जातात? गूगलचं 'म्यानमार टूल्स' मॅटर कशात आहे ते शक्यतेने ताडतं आणि बदलूनही देतं. ते चालवा, मग पदौक लावा. आणि कोरलड्रॉमध्ये थेट पेस्ट करू नका.

फ्लेक्सवाला_रत्नागिरी:
@काम_उरका, समाधीवरचा फलक आहे हो. तिथे येणारे हात जोडून उभे राहतात आणि वाचतात.

@लिपीवेडा, झालं! कडं म ला बसलं, न च्या डोक्यावर बारीक खूण आली. लिबरऑफिसमध्ये लावून पीडीएफ काढली, कोरलमध्ये कर्व्ह केली. स्क्रीनशॉट शेजारी धरून ओळ न् ओळ ताडली.

लिपीवेडा:
शाब्बास. आता एक करा. मॅटरमध्ये राजवाड्याचं साल असेलच, १९१०. ते बर्मी आकड्यांत टाइप करून शोधा. सापडतं का?

फ्लेक्सवाला_रत्नागिरी:
नाही सापडत! डोळ्यांसमोर दिसतंय, १८८५ सापडतं, १९१६ सापडतं, हे नाही.

लिपीवेडा:
शेवटचं शून्य शून्य नाही, 'व' आहे. बर्मीत दोन्ही गोलच, टाइप करणारा जे बोटाखाली येईल ते दाबतो. ७ आणि 'र' यांचंही तेच, सगळे आकडे एकदा बघून घ्या.

काम_उरका:
फ्लेक्सवर गोल तो गोलच दिसणार की!

फ्लेक्सवाला_रत्नागिरी:
फ्लेक्सवर हो. पण हेच मॅटर गिऱ्हाईक वेबसाइटलाही टाकणार आहे, तिथे १९१० शोधणाऱ्याला काय मिळणार? बदललं. आणखी एका ठिकाणी ७ च्या जागी 'र' निघाला, तोही बदलला. प्रूफ गिऱ्हाइकाकडे गेलंय, ते मंडालेच्या कुणाला तरी दाखवणार आहेत. तोवर मशीन चालू करत नाही.